बूट न दाखवता बूट विकणारी जाहिरात : पडद्यावरची समता कशी रचली जाते?

३० जुलै २०२० रोजी नाइकी या कंपनीने दीड मिनिटाची एक जाहिरात प्रसिद्ध केली. करोनामुळे जगभरची मैदाने ओस पडली होती, टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले होते आणि अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर वंशभेदाविरुद्ध उसळलेली आंदोलने शमलेली नव्हती. जाहिरातीचा पडदा मधोमध उभा दुभागलेला होता. डावीकडे एक खेळाडू, उजवीकडे दुसरा. खेळ वेगळा, देश वेगळा, कातडीचा रंग वेगळा. तरीही डावीकडच्या खेळाडूने सुरू केलेली हालचाल उजवीकडचा खेळाडू पुरी करत होता. ही जाहिरात कोट्यवधी वेळा पाहिली गेली आणि पुढच्या वर्षी तिला एमी पुरस्कारही मिळाला. तिच्यात बुटाची किंमत नव्हती, त्याच्या तळव्याचे गुणगान नव्हते आणि ‘आजच खरेदी करा’ हे तर नव्हतेच.

मग ही जाहिरात कशाची? ‘समतेची’ असे उत्तर देणे सोपे आहे आणि ‘निव्वळ ढोंगाची’ असे उत्तर देणे त्याहूनही सोपे. ही दोन्ही उत्तरे जाहिरातीच्या शब्दांकडे पाहून दिली जातात. प्रत्यक्षात अशा जाहिरातींत शब्दांचे काम दुय्यम असते. कोण कोणाच्या बरोबरीचा आहे, हे तिथे कॅमेरा कुठे ठेवला, दृश्य कुठे कापले, आवाज कोणाला दिला आणि कोणाला किती वेळ दाखवले, यांवरून ठरते. हे चित्रपटाचे व्याकरण आहे. ते एकदा लक्षात आले की अशी जाहिरात आपल्याला नेमके काय सांगते आणि काय सांगायचे टाळते, हे बरेच स्पष्ट दिसू लागते.

कॅमेऱ्याची उंची

लहान मूल मोठ्या माणसाशी बोलते तेव्हा मान वर करून पाहते. ही नजर आपल्या अंगवळणी इतकी पडलेली असते की पडद्यावर एखादी व्यक्ती खालून वर पाहिल्यासारखी दिसली की ती आपल्याला आपोआप मोठी वाटते. अशा दृश्याला चित्रपटाच्या भाषेत ‘लो अँगल’ म्हणतात. याउलट वरून टिपलेली व्यक्ती लहान आणि एकाकी वाटते. खेळाच्या जाहिरातींत अपंग धावपटू, वयस्क पोहणारी स्त्री किंवा हिजाब घातलेली मुष्टियोद्धा यांना कमरेच्या खालून टिपले जाते, याचे कारण हेच आहे. ज्यांच्याकडे समाज वरून पाहतो त्यांच्याकडे प्रेक्षकाला मान वर करून पाहायला लावायचे.

जोडीला मंदगती येते. चित्रपटात साधारणपणे सेकंदाला २४ चित्रे दाखवली जातात. कॅमेऱ्याने सेकंदाला १२० चित्रे टिपली आणि ती २४च्या वेगाने दाखवली, तर एका सेकंदाची उडी पाच सेकंदांची होते. स्नायू ताणला जाताना दिसतो, घामाचा थेंब सुटताना दिसतो आणि एरवी डोळ्यांसमोरून निसटून जाणारे शरीर न्याहाळायला सवड मिळते. सवड मिळाली की आदरही वाटू लागतो, निदान दिग्दर्शकाची तशी अपेक्षा असते.

इथे एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. खेळाडूच्या शरीराला असे भव्य रूप देण्याची तंत्रे ज्या चित्रपटाने रूढ केली, तो म्हणजे जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांचा ‘ऑलिंपिया’. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा हा चित्रपट नाझी सरकारच्या पैशातून तयार झाला आणि १९३८ मध्ये प्रदर्शित झाला. उडी मारणारा खेळाडू आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसावा म्हणून मैदानात खड्डे खणून त्यांत कॅमेरे बसवले गेले, धावणाऱ्यांबरोबर कॅमेरा सरकावा म्हणून रूळ टाकले गेले आणि सूर मारणाऱ्यांसाठी पाण्याखाली चालणारा कॅमेरा वापरला गेला. त्याच स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकणारे कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्स यांनाही या कॅमेऱ्यांनी तितक्याच भव्यतेने टिपले. आज समतेचा संदेश देणारा खालून घेतलेला शॉट त्या खड्ड्यांचा वारसदार आहे.

याचा अर्थ ते तंत्र बाटलेले आहे, असा मी लावत नाही. तंत्राला स्वतःचे राजकारण नसते. खालून पाहिलेले कोणतेही शरीर मोठे दिसते आणि त्या मोठेपणाला कोणता अर्थ जोडायचा, हे पुढचे दृश्य ठरवते. म्हणून आता दृश्ये जोडण्याच्या कलेकडे, म्हणजे संकलनाकडे वळू.

काप आणि शिवण

सुमारे १०० वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केल्याचे सांगतात. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. चेहऱ्यानंतर सूपचे भांडे दिसले की प्रेक्षकांना तो माणूस भुकेला वाटे आणि शवपेटी दिसली की दुःखी. चेहरा तोच असे, बदलत असे तो शेजार. चित्रपटात एका दृश्याचा अर्थ त्याच्या शेजारच्या दृश्यावरून ठरतो, हा संकलनाचा पहिला धडा आहे.

२०२०च्या त्या जाहिरातीने हा शेजार एकामागून एक दाखवण्याऐवजी एकाच वेळी, शेजारी शेजारी मांडला. पडद्याचे असे दोन भाग करण्याला ‘स्प्लिट स्क्रीन’ म्हणतात. दिग्दर्शक ऑस्कर हडसन आणि वायडन अँड केनेडी ही जाहिरातसंस्था यांच्या चमूने खेळांची सुमारे ४,००० दृश्ये धुंडाळली, त्यांतून ७२ निवडली आणि त्यांच्या ३६ जोड्या लावल्या. टाळेबंदीमुळे नवे चित्रीकरण जवळपास अशक्य होते, त्यामुळे बहुतेक सामग्री जुनीच होती. अडचणीतून शैली जन्माला येते, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

जोडी लावणे म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. चौकडीचे कापड शिवताना चांगला शिंपी शिवणीवर चौकडी जुळवतो. एक रेघ जरी सरकली तरी डोळा तिथेच अडतो. इथे जुळवायच्या रेघा चार असतात. पहिली आकाराची : दोन्ही खेळाडू पडद्यावर सारख्याच मापाचे दिसले पाहिजेत, म्हणजे एकाचे दृश्य मोठे करावे लागते किंवा दुसऱ्याचे कापावे लागते. दुसरी दिशेची : डावीकडून उजवीकडे जाणारा हात पलीकडेही त्याच दिशेने गेला पाहिजे. तिसरी वेगाची : दोन दृश्ये वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या गतीने टिपलेली असतात आणि ती एका लयीत आणावी लागतात. चौथी आणि सर्वांत अवघड रेघ क्षणाची असते. उडी मारणाऱ्याचा गुडघा ज्या क्षणी पूर्ण वाकतो, नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या खेळातल्या खेळाडूचा गुडघाही वाकलेला हवा. हजारो दृश्यांतून असा क्षण शोधायचा म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसण्याचे काम आहे.

या चारही रेघा जुळल्या की मधली उभी रेषा डोळ्याला दिसेनाशी होते आणि मेंदू दोन अर्ध्या शरीरांचे मिळून एक शरीर पाहू लागतो. स्त्री आणि पुरुष, गोरा आणि काळा, व्हीलचेअरवरचा आणि दोन पायांवरचा, यांच्या बरोबरीबद्दल कोणी भाषण केलेले नसते. ती बरोबरी प्रेक्षकाच्या डोळ्यांनीच पुरी केलेली असते आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आपण सहसा नाकारत नाही. अशी जाहिरात पाहताना पडद्याचा अर्धा भाग तळहाताने झाकून पाहावा. उरलेल्या अर्ध्यात खेळाच्या वाहिनीवर रोज दिसतील अशी साधी क्षणचित्रे असतात. समतेचा सगळा अर्थ त्या मधल्या शिवणीत असतो आणि ती शिवण संकलकाच्या टेबलावर घातलेली असते.

२०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकाआधी फ्रान्समध्ये आलेली एक जाहिरात याच्याही पुढे गेली. ती खेळसाहित्याच्या कंपनीची नव्हती, ऑरेंज या दूरसंचार कंपनीची होती. पण तंत्र समजून घेण्यासाठी तिच्याइतके चोख उदाहरण नाही. आधी फ्रान्सच्या पुरुष संघातील एम्बापे, ग्रीझमन यांचे पायांतले कसब आणि गोल दिसतात, प्रेक्षक मनातल्या मनात वाहवा करतो आणि मग चित्रफीत उलटी फिरून सांगते की हे सगळे खेळ महिला संघाच्या खेळाडूंचे होते. संगणकाच्या साहाय्याने त्यांच्यावर पुरुषांचे चेहरे आणि शरीरे चढवलेली होती. ‘स्त्रियांचा फुटबॉल तितका रंगत नाही’ या मताशी जाहिरातीने वाद घातला नाही. ते मत बाळगणाऱ्याकडून तिने नकळत टाळी वाजवून घेतली आणि नंतर टाळी कोणासाठी वाजली ते दाखवले.

आवाज कोणाचा आणि चित्र कोणाचे?

पडद्यावर न दिसता ऐकू येणाऱ्या आवाजाला निवेदन म्हणतात. जाहिरातीत निवेदकाचा मान शिक्षकासारखा असतो, कारण चित्राचा अर्थ काय लावायचा हे तो सांगतो. अनेक वर्षे हा आवाज भारदस्त आणि पुरुषाचा असे. त्यामुळे आवाज दुसऱ्या कोणाला देणे, ही स्वतःच एक भूमिका ठरते. याहून प्रभावी युक्ती म्हणजे आवाज आणि चित्र यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे.

२०१४ मध्ये अंडर आर्मर या कंपनीने बॅले नर्तिका मिस्टी कोपलँड यांच्यावर जाहिरात केली. कानावर एका लहान मुलीचा आवाज पडतो आणि ती एक नकारपत्र वाचत असते. तुमची पावले योग्य नाहीत, शरीराची ठेवण योग्य नाही, तेराव्या वर्षी तुमचे वय उलटून गेले आहे, अशा अर्थाचे ते पत्र आहे. पडद्यावर मात्र मोकळ्या रंगमंचावर कोपलँड पायाच्या बोटांवर उभ्या राहतात आणि कॅमेरा पोटरीच्या स्नायूंपासून सुरुवात करत सावकाश त्यांचे सगळे शरीर दाखवतो. पत्राचा प्रतिवाद एकाही शब्दाने होत नाही. ज्या शरीराला कान ‘अयोग्य’ म्हणून ऐकतो, तेच शरीर डोळा नाचताना पाहतो आणि कान हरतो. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, कोपलँड अमेरिकन बॅले थिएटरच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुख नर्तिका झाल्या. जाहिरातीपेक्षा वास्तवानेच या चित्राला अधिक बळ दिले.

हीच युक्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर दिसली. नाइकीने २७ वर्षांनंतर सुपर बोलमध्ये, म्हणजे ‘अमेरिकन फुटबॉल’ या खेळाच्या वार्षिक अंतिम सामन्यात, दिलेली ती जाहिरात कृष्णधवल होती, तिचे दिग्दर्शन किम गेहरिग यांनी केले होते आणि तिच्यात झळकणाऱ्या खेळाडू महिलाच होत्या. निवेदन स्त्रियांना काय काय करता येणार नाही याची यादी देते आणि प्रत्येक ‘नाही’वर पडद्यावरची खेळाडू नेमके तेच करून दाखवते.

याच परंपरेतली नाइकीचीच १९९५ची एक जुनी जाहिरात मला आजही अधिक धारदार वाटते. मैदानातल्या झोपाळ्यांवर खेळणाऱ्या मुली थेट कॅमेऱ्यात पाहून सांगतात की आम्हाला खेळू दिलेत तर आमचा स्वतःवरचा विश्वास वाढेल, आजारांची शक्यता कमी होईल आणि मारहाण करणाऱ्या पुरुषाला सोडून जाण्याचे बळ आमच्यात येईल. वाक्ये प्रौढांची, तोंडे मुलींची. कोवळ्या चेहऱ्यातून ऐकू येणारे ते भविष्य अंगावर येते. कॅमेऱ्यात थेट पाहणे हाही एक तंत्राचाच भाग आहे. कथाचित्रपटात पात्रे सहसा प्रेक्षकाकडे पाहत नाहीत, त्यामुळे कोणी पाहिले की आपण बघे राहत नाही. आपल्याला प्रश्न विचारला गेला आहे, असे वाटते.

२०१६ मध्ये नाइकीने भारतात दीपिका पदुकोण, हॉकीपटू राणी रामपाल, स्क्वॉशपटू जोश्ना चिनप्पा आणि इतर खेळाडूंना घेऊन केलेल्या चित्रफितीचा जोर अशाच रोखून पाहणाऱ्या नजरांवर आणि झपाझप कापलेल्या दृश्यांवर होता. तिच्यात निवेदन नव्हतेच, गाण्याचा ठेका सगळे बोलत होता.

वेळ कोणाला मिळाला?

झपाझप काप उत्साह निर्माण करतात. पण एखाद्याला खरोखर मान द्यायचा असेल तर त्याला अखंड वेळ द्यावा लागतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या काळात नाइकीने एक मिनिटाची अशी जाहिरात दाखवली, जिच्यात रिकाम्या रस्त्यावर दुरून एक लठ्ठ मुलगा धापा टाकत कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येतो. एवढेच घडते. काप नाही, संगीताचा गदारोळ नाही, शर्यत नाही आणि विजयही नाही. बुटांचा आवाज, श्वास आणि निवेदनाची मोजकी वाक्ये. थोरपण मूठभरांपुरते राखून ठेवलेले नाही, हा विचार त्या न कापलेल्या मिनिटाने सांगितला. त्याच एका मिनिटात इतर जाहिराती तीस विजेते दाखवतात.

या जाहिरातीवर टीकाही झाली. मुलाचे शरीर करुणेसाठी वापरले, असे काहींनी म्हटले आणि तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. तरी कॅमेरा त्याच्या पोटावर किंवा घामावर रेंगाळत नाही, तो संपूर्ण मुलाला सामोरा ठेवतो, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

जाता जाता एक आठवण. ‘जस्ट डू इट’ या ज्या घोषवाक्याने नाइकी ओळखली जाते, ते १९८८ मध्ये प्रथम आले तेव्हा त्या जाहिरातीचा नायक ८० वर्षांचे धावपटू वॉल्ट स्टॅक होते. ते उघड्या अंगाने सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडतात आणि लोक विचारतात की हिवाळ्यात तुमचे दात कसे वाजत नाहीत, तर आपण ते लॉकरमध्ये ठेवून येतो, असे सांगतात. वैविध्याचा शब्दही न उच्चारता वैविध्य दाखवणारी ती जाहिरात विनोदी होती. अलीकडच्या धीरगंभीर जाहिरातींत हा हलकेपणा फारसा उरलेला नाही, याची खंत वाटते.

उजेड आणि नजर

कॅमेरा तटस्थ असतो, असा आपला समज असतो. रंगीत छायाचित्रणाच्या जुन्या काळात कोडॅकच्या फिल्मवरचे रंग तपासण्यासाठी गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले नमुना कार्ड वापरले जाई. गोरी त्वचा नीट आली की रंग बरोबर आहेत, असे मानले जाई आणि सावळ्या किंवा काळ्या चेहऱ्याचे बारकावे मात्र काळोखात बुडून जात. या त्रुटीवर उपाय करण्यासाठी जो दबाव आला, त्यात चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांच्या तक्रारींचाही वाटा होता. काळ्या माणसांच्या आधी तपकिरी टेबलाला न्याय मिळाला. आज गडद त्वचेवर उजेडाची चमक खेळवून तिच्या छटा टिपल्या जातात. तिला फिल्मने ज्या काळोखात ढकलले होते, त्यातून तिला बाहेर काढण्याचे ते काम आहे.

स्त्री खेळाडूंच्या बाबतीत प्रश्न उजेडाचा नसून नजरेचा आहे. कॅमेरा शरीराच्या कोणत्या भागावर थांबतो, यावरून ती खेळाडू आहे की शोभेची वस्तू हे ठरते. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली म्हणून त्यांना १,५०० युरोंचा दंड झाला आणि बराच गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला. पॅरिसच्या २०२४च्या ऑलिंपिकआधी प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेने आपल्या कॅमेरामनना स्पष्ट सांगितले की स्त्रिया आणि पुरुष यांना सारख्याच पद्धतीने टिपा. म्हणजे जाहिराती जे पडद्यावर रचत होत्या, ते प्रत्यक्ष सामन्याच्या प्रक्षेपणात लेखी सूचना देऊन आणावे लागले.

‘शेवटी विकायचेच आहे ना?’

हा पहिला आक्षेप आणि तो खरा आहे. नफ्यासाठी चालणारी कंपनी जाहिरातीवर पैसे खर्च करते तो विक्री वाढावी म्हणूनच. बूट न दाखवता बूट विकणारी जाहिरात, असे मी मथळ्यात म्हटले. खरे तर तो जवळजवळ प्रत्येक पायात होता, त्याला फक्त कोणी बोट दाखवत नव्हते.

पण विकणे आणि भूमिका घेणे या दोन गोष्टी एकमेकींना पुसून टाकत नाहीत. ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळणारे कॉलिन केपर्निक यांनी २०१६ मध्ये पोलिसी अत्याचार आणि वंशभेद यांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि त्या हंगामानंतर त्यांना कोणत्याही संघाने घेतले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये नाइकीने त्यांना जाहिरातीत घेतले. त्यातले तंत्रही पाहण्यासारखे आहे : निवेदनाचा आवाज सुरुवातीपासून ऐकू येतो, तो कोणाचा हे मात्र उशिरा उघड होते. तोपर्यंत विरोधी मताच्या प्रेक्षकानेही अर्धी जाहिरात मान डोलावत ऐकलेली असते. काही ग्राहकांनी बूट जाळले, कंपनीचा शेअर सुमारे तीन टक्क्यांनी घसरला आणि थोड्याच दिवसांत सावरून विक्रमी पातळीवर गेला. याला धाडस म्हणावे की ग्राहक ओळखून केलेला हिशेब? दोन्ही. तरुण, शहरी ग्राहक हाच आपला मुख्य ग्राहक आहे, हे कंपनीला ठाऊक होते. त्यामुळे संघाबाहेर पडलेल्या खेळाडूचा आवाज घराघरांत पोचला, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

‘पडद्यावर समता, मग करारात का नाही?’

हा आक्षेप जास्त जड आहे आणि माझ्या मते याला जाहिरातींकडे समाधानकारक उत्तर नाही. मे २०१९ मध्ये धावपटू अलिशिया मोंटान्यो आणि त्यानंतर ॲलिसन फेलिक्स यांनी गरोदरपण आणि बाळंतपण यांच्या काळात खेळाडूंच्या मानधनाचे काय होते, हे न्यूयॉर्क टाइम्समधून जाहीरपणे मांडले. फेलिक्स यांना नाइकीच्या नव्या करारात आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ केली गेली होती. स्त्रियांनी मोठी स्वप्ने पाहावीत, असे सांगणारी नाइकीची जाहिरात त्याच वर्षी फेब्रुवारीत सेरेना विल्यम्स यांच्या आवाजात गाजलेली होती. टीका वाढल्यावर ऑगस्टमध्ये कंपनीने धोरण बदलले आणि बाळंतपणाच्या आसपासच्या १८ महिन्यांत मानधन कापले जाणार नाही, असे जाहीर केले.

२०२०च्या दुभंगलेल्या पडद्याच्या जाहिरातीचेही असेच आहे. तिचे निवेदन फुटबॉलपटू मेगन रपिनो यांनी केले होते. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या महिला संघाचा समान वेतनाचा दावा न्यायाधीशांनी फेटाळला होता. म्हणजे स्त्री-पुरुषांची शरीरे पडद्यावर एकमेकांत मिसळत होती, तेव्हा त्यांवर बोलणारी स्त्री समान वेतनासाठी आपल्याच देशाच्या फुटबॉल महासंघाशी भांडत होती. तडजोड व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडला आणि तीही २.४ कोटी डॉलरवर झाली. संकलक दोन दृश्यांची चौकडी जुळवू शकतो, दोन वेतनपत्रकांची नाही.

तरी याची एक उलट बाजू लक्षात घ्यायला हवी. मोंटान्यो यांची टीका इतकी झोंबली, कारण त्यांनी कंपनीच्याच जाहिरातीची भाषा कंपनीवर उलटवली. स्वप्ने पाहा असे सांगणाऱ्यांनीच आई होण्याचे स्वप्न पाहिल्यावर पाठ फिरवली, हा त्यांचा सूर होता. जाहिरातीने समतेचे वचन इतक्या मोठ्या पडद्यावर दिले नसते, तर ते मोडल्याचा हिशेब मागायला एवढे लोक जमले नसते.

‘अपंग खेळाडू दाखवले की झाले का वैविध्य?’

ऑस्ट्रेलियातील अपंग हक्कांच्या कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी या प्रश्नावर नेमके बोट ठेवले होते. धडधाकट माणसांना हुरूप यावा म्हणून अपंग माणसांना वस्तूसारखे वापरले जाते, असे त्या म्हणत. चित्रपटतंत्राच्या भाषेत सांगायचे तर याची एक ओळखीची खूण आहे : आधी चेहरा, मग घाम आणि शेवटी कॅमेरा मागे सरकून कृत्रिम पाय उघड करतो. तो पाय धक्का म्हणून वापरला जातो. याऐवजी कृत्रिम पाय पहिल्याच दृश्यात, कोणताही गाजावाजा न करता दिसला, तर प्रेक्षक धावण्याकडे लक्ष देतो. हा फरक केवळ दृश्यांच्या क्रमाचा आहे, पण एका क्रमात माणूस दिसतो आणि दुसऱ्यात क्लृप्ती.

या क्षेत्रात कंपन्यांचा स्वतःचा इतिहासही स्वच्छ नाही. २००० साली नाइकीने डोंगरवाटांवर धावण्याच्या बुटाच्या छापील जाहिरातीत अपंगत्वाची टिंगल वाटावी असा मजकूर वापरला होता आणि संताप उसळल्यावर तो माफी मागून मागे घेतला. त्यानंतर २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी (शरीराच्या हालचालींवरचा ताबा कमी करणारा मेंदूचा विकार) असलेल्या एका किशोरवयीन मुलाने कंपनीला पत्र लिहिले की कॉलेजात गेल्यावर बुटाची नाडी बांधायला आईवडील सोबत नसतील. २०१५ मध्ये टाचेभोवती चेन असलेला, एका हाताने उघडता येणारा बूट बाजारात आला. समता जर कुठे हाताला लागत असेल, तर ती मला त्या चेनमध्ये अधिक दिसते.

‘मग चौकटीबाहेर कोण राहते?’

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण चौकटीबाहेरचे दिसत नाही. नाइकीचे सुमारे निम्मे बूट व्हिएतनाममधील कारखान्यांत तयार होतात आणि या उद्योगात शिवणयंत्रांवर बसणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. १९९० च्या दशकात या कारखान्यांतील वेतन आणि सक्तीचे जादा काम यांवरून इतकी टीका झाली की १९९८ मध्ये कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांना आपल्या उत्पादनाचे नाव गुलामीच्या मजुरीशी जोडले गेल्याचे जाहीर भाषणात मान्य करावे लागले आणि सुधारणांची आश्वासने द्यावी लागली.

या स्त्रिया जाहिरातीत का येत नाहीत, याचे व्यावसायिक कारण उघड आहे. पण एक तांत्रिक कारणही आहे. या लेखात पाहिलेले सगळे व्याकरण शिखराच्या क्षणासाठी घडलेले आहे : उडीचा वरचा टप्पा, चेंडू जाळ्यात जाण्याचा निमिष, अंतिम रेषा. यंत्रावर बसलेल्या बाईच्या कामाला असे शिखर नसते. तीच शिवण, तोच टाका, पाळी संपेपर्यंत. मंदगतीने ते काम भव्य होत नाही आणि काप देऊन ते रोमांचकही होत नाही. तिला टिपायचे तर २०१२च्या त्या मुलासारखा अखंड, न कापलेला वेळ द्यावा लागेल, आणि एका मिनिटात तिच्या कामाचे फक्त एकच मिनिट दिसेल.